हौस उडायची, परीक्षा शरीराची!

पायलट व्हायचं स्वप्न, पॅराग्लायडिंगचा वीकेंड, नाहीतर नुसता विंडो सीटचा हट्ट... आकाशाची ओढ प्रत्येकाला असते. पण वर गेल्यावर आपल्या शरीराचं नेमकं काय होतं, हे किती जणांना ठाऊक असतं? डहाणू-तलासरीच्या आभाळापासून सुरू होणारी ही हौशी उड्डाणांची सफर. आणि हो, सोबत थोडी डॉक्टरकीसुद्धा!

एक सोपा खेळ खेळू या. भारताचा नकाशा घ्या, पट्टी ठेवा आणि अहमदाबादपासून मुंबईपर्यंत एक सरळ रेघ ओढा. ही रेघ खंबातच्या आखातावरून, सुरतेला जराशी डावीकडे ठेवत खाली उतरते आणि महाराष्ट्रात शिरते ती थेट डहाणू तालुक्यावरून. चिकूच्या वाड्या, सुरूचं बन, खाडी, शांत समुद्र. आपण वीकेंडला पाय मोकळे करायला जातो, तेच डहाणू.

आता ही रेघ एवढी महत्त्वाची का? तर १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी २८ वर्षांचा एक तरुण याच टप्प्यावर एकटा विमान घेऊन निघाला होता. कराचीहून २५ किलो टपाल घेऊन निघालेल्या या पठ्ठ्याने अहमदाबादला इंधन भरलं. तेही कसं? बैलगाडीतून आणलेल्या पेट्रोलच्या डब्यांनी! आणि मग त्याचं पस मॉथ विमान मुंबईच्या जुहूला उतरलं. तरुणाचं नाव जेआरडी टाटा. भारतातल्या नियमित हवाई टपालसेवेचा आणि पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीचा तो पहिला दिवस.

पण गंमत अशी, की जेआरडींसाठी विमान हा आधी धंदा नव्हताच. ती हौस होती. निव्वळ, शंभर टक्के हौस. १९२८मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये ते शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांच्या हाती जे लायसन्स पडलं, त्यावर नंबर होता १. पुढे ५० वर्षांनी, म्हणजे १९८२मध्ये, त्यांनी कराची ते मुंबई हेच उड्डाण पुन्हा केलं. विमान लेपर्ड मॉथ. वय वर्षं ७८! ज्या वयात आपल्याकडे आजोबांना रिक्षात एकटं बसवायलाही घरचे कां-कूं करतात, त्या वयात हे गृहस्थ समुद्रकाठाने एकटेच विमान हाकत होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. वय नसतं, हेही त्यात जोडायला हरकत नाही.

वरून डहाणू कसं दिसतं?

आज छोट्या विमानातून कुणी दक्षिणेकडे येत असेल, तर त्याला डहाणू चुकणं अवघड आहे. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला पश्चिम रेल्वेचे रूळ. खाडीकाठी औष्णिक वीज केंद्राची २७५ मीटर उंच चिमणी. आत नजर टाकली की महामार्ग क्रमांक ४८ आणि त्याच्या पलीकडे महालक्ष्मीचा तो सुळका, ज्याच्या पायथ्याशी चैत्रात जत्रा भरते. उत्तरेकडे तलासरी, अच्छाडची सीमा आणि लगेच गुजरात. नकाशा मांडीवर ठेवून, खालच्या खुणा बघत विमान चालवणाऱ्याला यापेक्षा सोपा पेपर कुठला मिळणार?

हे नुसतं कल्पनेतलं नाही बरं का. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या कॅप्टन आरोही पंडितने जेआरडींच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून भुज ते जुहू असं उड्डाण केलं. वाटेत अहमदाबाद होतंच. जीपीएस नाही, ऑटोपायलट नाही. हाताशी नकाशा आणि समोर खिडकी. बस्स. आरोहीचं विमान म्हणजे पिपिस्ट्रेल सायनस. दोन सीटचं, स्लोव्हेनियात बनलेलं, हलकंफुलकं. याच जातीच्या 'माही' नावाच्या विमानातून तिने मे २०१९मध्ये अटलांटिक महासागर एकटीने पार केला. स्कॉटलंडमधल्या विकहून निघायचं, आइसलंड आणि ग्रीनलंडला थांबे घ्यायचे आणि कॅनडातल्या इकॅलुइटला उतरायचं. तेव्हा ती २३ वर्षांची होती. हलक्या क्रीडा-विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती जगातली पहिली स्त्री ठरली.

अशा बातम्या वाचल्या की आपल्याही अंगात वारं शिरतं. आपणही शिकू या की! हरकत काहीच नाही. फक्त या वाटेवर पहिला टप्पा विमानाचा नसतो. तो डॉक्टरांच्या टेबलाचा असतो.

'टेम्पररी अनफिट'

माझा एक कॉलेजमधला मित्र आहे. आयटीत चांगली नोकरी, हातात चार पैसे, आणि लहानपणापासून विमानाचं वेड. घरात मॉडेल विमानांचं कपाट, फोनमध्ये डोक्यावरून जाणाऱ्या विमानांची नावं सांगणारं अॅप. आम्ही बोर्डीच्या किनाऱ्यावर बसलेलो असलो, तरी हा समुद्राकडे पाठ करून आभाळाकडे बघणार. तिशी जवळ आल्यावर त्याने ठरवलं, आता बास, प्रायव्हेट पायलट लायसन्स काढायचंच.

आपल्याकडे त्याचा रस्ता तसा सरळ आहे. १६ वर्षं पूर्ण झाली की विद्यार्थी वैमानिकाचं लायसन्स, १७ झाली की प्रायव्हेट पायलट लायसन्स. किमान ४० तासांचं उड्डाण, लेखी परीक्षा, आणि या सगळ्याच्या आधी डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडची 'क्लास टू' मेडिकल. डोळे, कान, रंग ओळखण्याची क्षमता, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी. आपला हिरो ऐटीत गेला. जिमचं कार्ड खिशात होतं ना! आणि बाहेर आला तो पडलेला चेहरा घेऊन. रक्तदाबाचा काटा जिथे असायला हवा, त्याच्या बराच वर होता. दुसऱ्या दिवशी मोजला, तरी तेच. शेरा मिळाला 'टेम्पररी अनफिट'.

"अरे, मला काही होतच नाही," हे त्याचं पालुपद. हाच तर रक्तदाबाचा फंडा आहे. तो काही होऊ देत नाही, आणि एक दिवस एकदम होऊ देतो. सकाळची डोकेदुखी तो रात्रीच्या डेडलाइनच्या खात्यावर टाकत होता. विमानाच्या नादाने का होईना, तपासणी झाली म्हणून कळलं. मग मीठ कमी, रात्रीची जागरणं कमी, चालणं जास्त. सात-आठ महिन्यांनी तोच माणूस 'फिट' होऊन आला. तो अजून लायसन्सधारी झालेला नाही, तास भरतोय. पण त्याची आई म्हणते, "विमान राहू दे रे बाबा, डॉक्टरकडे गेलास हेच खूप झालं."

खरी गोम इथेच आहे. हौशी मंडळी मेडिकलला घाबरतात, कारण तिथे स्वप्न मोडेल असं वाटतं. मग गोळी चालू असलेली लपवायची, चक्कर आलेली सांगायची नाही. पॅराग्लायडिंगला तर हे सर्रास चालतं. कामशेत किंवा पाचगणीला टँडम राइड घेताना फॉर्मवर 'हृदयविकार, पाठीचं दुखणं, फिट येणं, गर्भारपण' अशा रकाने असतात. आपण न वाचताच सही ठोकतो आणि डोंगराच्या कडेकडे पळत सुटतो. मागे बसलेल्या पायलटचा जीवही आपल्याच जिवाला बांधलेला असतो, हे आपण विसरतो.

६९ हजार फुटांवरचा हौशी माणूस

शरीराची परीक्षा किती टोकाला जाऊ शकते, हे बघायचं असेल तर तारीख लक्षात ठेवा, २६ नोव्हेंबर २००५. स्थळ मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स. त्या सकाळी गरम हवेचा एक अगडबंब फुगा वर निघाला. आत होते उद्योगपती विजयपत सिंघानिया, वय ६७. फुगा पोहोचला २१,०२७ मीटरवर, म्हणजे जवळपास ६९ हजार फुटांवर. गरम हवेच्या फुग्यासाठी तो जागतिक विक्रम ठरला. आधीचा विक्रम १९८८चा, पेर लिंडस्ट्रँड यांचा, १९,८११ मीटरचा. वाऱ्यावर तरंगत सिंघानियांची स्वारी उतरली ती नाशिक जिल्ह्यात, सिन्नरजवळच्या पांचाळे गावी. शेतात आकाशातून शेठ उतरलेले बघून गावकऱ्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा!

हेच सिंघानिया १९८८मध्ये मायक्रोलाइट नावाच्या चिमुकल्या विमानातून इंग्लंडहून भारतात आले होते. २३ दिवसांत. म्हणजे धंदा कापडाचा आणि मन कायम ढगात.

पण ६९ हजार फूट ही नुसती उंची नाही. साधारण १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका घसरतो, की पाणी आपल्या अंगाच्या तापमानालाच, ३७ अंशांवर उकळू लागतं. या मर्यादेला 'आर्मस्ट्राँग लाइन' म्हणतात. उघडं राहिलं तर जिभेवरची लाळ, डोळ्यांतलं पाणी उकळायला लागेल! म्हणून सिंघानियांच्या फुग्याखाली टोपली नव्हती, हवेचा दाब राखणारी बंद केबिन होती. हौस माणसाची होती, तरी त्याला जगवलं ते केबिनने.

आता तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपण तर पुणे-दिल्ली नाहीतर मुंबई-सिंगापूरवाले. संबंध आहे. विमान ३५ हजार फुटांवर असताना आतला दाब जमिनीइतका ठेवलेला नसतो. तो ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. आपलं कळसूबाई किती? १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. थोडक्यात, सीटबेल्ट लावून सँडविच खात बसलेले असतानाही आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा उंच जागी श्वास घेत असतो. धडधाकट माणसाला हे जाणवतही नाही. पण ज्याचं हृदय, फुप्फुस किंवा रक्त आधीच थकलेलं आहे, त्याला जाणवू शकतं.

मावशींचा प्रश्न

रक्ताचा विषय निघाला, तो बोर्डीतच. आम्ही उतरलो होतो तिथे स्वयंपाकाला एक मावशी येतात, तलासरीकडच्या. माझ्या मित्राची विमानपुराणं ऐकून एका दुपारी त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "ताई, सिकलसेल असलेल्या पोराने विमानात बसलं तर चालतं का गं?" त्यांच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीसाठी लांब जायचं होतं, कंपनी तिकीट काढून देणार होती. घरात पहिल्यांदाच कुणी विमानात बसणार. आणि मुलाच्या तपासणीच्या कार्डावर 'एएस' लिहिलेलं.

डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यात सिकलसेल हा परका शब्द नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया अशा आदिवासी समाजांची ही भूमी. सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी गोल न राहता ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात. मग त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे-पोटात जीवघेण्या कळा येतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही दोष आले तर मूल 'एसएस', म्हणजे रुग्ण. एकाच बाजूने आला तर 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. म्हणूनच लग्नाआधीची तपासणी इतकी मोलाची. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. लक्ष्य २०४७, आणि ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी.

मग मावशींना उत्तर काय? वाहक असलेल्या मुलाने नेहमीच्या प्रवासी विमानात बसायला हरकत नसते. पाणी भरपूर प्यायचं, इतकंच. पण हाच मुलगा उद्या मित्रांबरोबर लडाखला निघाला, दहा-बारा हजार फुटांवर धावपळ करायला लागला, तर त्याने आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. कारण अशा उंचीवर वाहकांच्याही प्लीहेला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि 'एसएस' असेल, तर साध्या विमानप्रवासाआधीही डॉक्टरांचा सल्ला, गरम कपडे, पाणी आणि गरज पडली तर ऑक्सिजनची सोय. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग जाऊ दे त्याला. मी उगाच रात्रभर जागत होते."

एका आईची झोप एका कार्डावरच्या दोन अक्षरांनी उडाली होती. ती अक्षरं वाचून अर्थ सांगणारं कुणी भेटलं नसतं, तर कदाचित मुलगा मुलाखतीलाच गेला नसता. आरोग्याच्या भीतीचं असंच असतं. आजाराने अडतं त्याहून जास्त, अर्धवट माहितीने अडतं.

इथे तर जमीनही हलते

विमानात टर्ब्युलन्स आला की आपण देवाचं नाव घेतो. डहाणू-तलासरीच्या लोकांनी टर्ब्युलन्स जमिनीवर अनुभवलाय. नोव्हेंबर २०१८पासून इथे भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीसारख्या गावांत थंडीच्या दिवसांत लोक घराबाहेर, तंबूत झोपायला लागले. हा ताण कुठल्या मेडिकलमध्ये मोजणार?

आपल्यासाठी डहाणू म्हणजे विरारहून सुटणाऱ्या लोकलचं शेवटचं स्टेशन. २०१३च्या एप्रिलमध्ये लोकल इथवर आली आणि वीकेंडवाल्यांचं फावलं. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. १९९१मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, म्हणून ही हिरवाई टिकून राहिली. ट्रेकिंगवाल्यांसाठी बोर्डीजवळ बाहरोटच्या गुहा आहेत. पारशी परंपरा सांगते, की संजाण पडल्यावर इराणशहाचा पवित्र अग्नी १२ वर्षं याच डोंगरात लपवून ठेवला होता. पुढे तो फिरत फिरत १७४२मध्ये उदवाड्याला स्थिरावला. म्हणजे जेआरडींच्या पूर्वजांची श्रद्धा ज्या डोंगराने जपली, त्याच्याच आसमंतात आपली ती नकाशावरची रेघ येते. योगायोग झकास आहे की नाही!

पण बाहरोटला जाताना एक लक्षात ठेवा. हा सापांचाही मुलूख आहे, विशेषतः पावसाळ्यात. पायात बूट, हातात काठी, अंधार पडायच्या आत खाली. चुकून दंश झालाच तर दोरी आवळून बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, तोंडाने विष ओढायचं नाही. अंगठी-बांगड्या-घड्याळ काढायचं, दंश झालेला हात किंवा पाय फळी लावल्यासारखा स्थिर ठेवायचा, १०८ला फोन लावायचा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. प्रतिसर्पविष हाच खरा उपाय आणि घड्याळाचा काटा हाच खरा शत्रू. भगताकडे घालवलेला एक तास पुढे परत मिळत नाही.

इथल्या माणसाला याहून मोठं काही झालं, की गाडी निघते ती सिल्वासा किंवा वलसाडच्या दिशेने. राज्याची सीमा ओलांडून, रात्री-अपरात्री. आपण 'ट्रॅव्हल इन्शुरन्स'ची जाहिरात स्क्रोल करत असतो, तेव्हा कुणीतरी महामार्गावर जीप अडवून पेशंटला आत घालत असतं. प्रवास आणि आजारपण या दोन गोष्टी इथे वेगळ्या नाहीतच. म्हणून फिरायला आलात तर निदान एवढं करा. हॉटेल बुक करताना 'पूल आहे का?' विचारता ना, तसंच 'जवळचा दवाखाना कुठे?' हेही विचारून ठेवा.

गच्चीवरचं विमान

हौशी उड्डाणांबद्दल बोलताना कॅप्टन अमोल यादव यांचं नाव टाळून कसं चालेल? व्यवसायाने वैमानिक असलेल्या या मराठी माणसाने कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. हो, गच्चीवर! जिथे आपण पापड वाळत घालतो, तिथे. आधीचे दोन प्रयत्न फसले होते. तिसरं विमान फेब्रुवारी २०१६मध्ये क्रेनने खाली उतरवून 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं, तेव्हा अख्खी मुंबई बघायला लोटली. मग कागदपत्रांची लढाई. नोव्हेंबर २०१७मध्ये नोंदणी मिळाली, व्हीटी-एनएमडी. २०१८मध्ये राज्य सरकारबरोबर करार झाला आणि विमानाच्या कारखान्यासाठी चर्चा झाली ती पालघर जिल्ह्यातल्या जागेची. उड्डाणाची परवानगी हाती यायला २०१९चा ऑक्टोबर उजाडला. २०२०मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाण चाचण्या झाल्या.

नव्वदच्या दशकात लागलेलं वेड आणि जमिनीवरून चाकं उचलली गेली ती २०२०च्या सुमारास. हौस म्हणजे झिंग नव्हे, हौस म्हणजे चिकाटी, हे या माणसाने दाखवून दिलं. विमान बांधणारा प्रत्येक नट-बोल्ट पुन्हा पुन्हा तपासतो, 'चालेल रे' म्हणून पुढे जात नाही. मग आपण आपल्याच शरीराला 'चालेल रे' कसं म्हणतो?

चौकट : उडण्याआधी स्वतःला विचारा

पायलट मंडळी कॉकपिटमध्ये बसण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारतात. ते आपल्यालाही लागू आहेत. गाडी चालवतानासुद्धा!

• आजारी आहे का? सर्दी झालेली असताना विमान खाली उतरू लागलं की कानाचे हाल होतात. घसा आणि कान यांना जोडणारी नळी बंद असल्यामुळे पडद्यावर दाब येतो. उतरताना झोपू नका, आवंढा गिळा, चॉकलेट चघळा, नाक धरून हलकेच फुंकर मारा. तान्ह्या बाळाला पाजत ठेवा. सर्दी फारच जोरात असेल तर प्रवास पुढे ढकला.

• कुठली गोळी घेतलीय? सर्दी-अॅलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. प्रवाशाला चालेल, स्टिअरिंग हातात असणाऱ्याला मुळीच नाही. रोजच्या गोळ्या नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात कधीच नाही.

• डोक्यात टेन्शन किती? भांडून, रडून, चिडून आलेल्या माणसाने विमान चालवू नये. बाइकही नको.

• घेतली आहे का? आपल्याकडे वैमानिकाने उड्डाणाआधीचे १२ तास मद्याला स्पर्श करायचा नाही, असा नियम आहे. प्रवाशांनो, उंचीवर दारू अंगातलं पाणी आणखी कमी करते, एवढं लक्षात असू द्या.

• झोप झाली का? रात्रभर प्रेझेंटेशन आणि पहाटेची फ्लाइट, ही आपली खास सवय. शरीर त्याचा हिशेब ठेवतं.

• खाल्लंय का? उपाशीपोटी चक्कर, भरल्यापोटी मळमळ. हलकं काहीतरी खा.

• बसून किती वेळ झाला? २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला, तर पायातल्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका लहानच, पण विमान, बस, कार सगळ्यांना लागू. दर तासाला उठा, पोटऱ्या हलवा. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला, तर गुगल नको, डॉक्टर गाठा.

• पाण्याखाली गेला होतात का? तारकर्लीला सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी मोपाहून फ्लाइट, असा प्लॅन करू नका. पाण्याखालच्या दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि सांधे, मेंदू कुठेही गडबड करू शकतो. मध्ये पूर्ण २४ तास जाऊ द्या. तेवढ्यात मालवणी जेवण होऊन जाईल!

तर मग, निघायचं?

जरूर निघा. लायसन्स काढा, नाहीतर टँडम राइड घ्या, नाहीतर नुसतंच डहाणूच्या किनाऱ्यावर उताणे पडून डोक्यावरून जाणारी विमानं मोजा. खर्च शून्य, आनंद फुल्ल. फक्त वर्षातून एकदा बीपी, साखर आणि हिमोग्लोबिन मोजून घ्या. विमानाच्या इंजिनाची तपासणी ठरलेल्या तासांनी होते, त्याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही.

सिंघानियांना केबिनने जपलं. मावशींच्या मुलाला एका कार्डाने. माझ्या मित्राला त्या डॉक्टरांनी, ज्यांनी 'अनफिट' लिहायची हिंमत दाखवली. वर जायला पंख लागतात हे खरंच. पण वर जाऊन सुखरूप खाली यायचं असेल, तर आधी दंडाला तो बीपीचा पट्टा बांधून घ्यावा लागतो!